महाराष्ट्र वैद्यक परिषद

आधुनिक वैद्यकाची मान्य पदवी घेतलेल्या डॉक्टरांची राज्यातील नोंदवही ठेवणारी व त्यांच्या व्यावसायिक आचरणावर देखरेख करणारी वैधानिक संस्था. महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ हा तिचा आधार असून मुख्य कार्यालय मुंबईत चिंचपोकळी येथे आहे. व्यवहारात ‘एमएमसी’ किंवा नुसते ‘कौन्सिल’ म्हणून ती ओळखली जाते. पुढील विवेचनात उदाहरणासाठी सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुका घेतला आहे. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात मराठीइतकीच कन्नड बोलली जाते आणि स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ बारमाही असते. परिषदेचा अधिकार कुठवर पोहोचतो हे अशा ठिकाणी अधिक स्पष्ट दिसते.

पूर्वपीठिका : ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१२ चा मुंबई वैद्यक अधिनियम आला आणि हिंदुस्थानातील पहिली प्रांतिक वैद्यक परिषद मुंबईत उभी राहिली. मद्रास व बंगालचे कायदे दोन वर्षांनी झाले. सुरुवातीच्या काळात या परिषदांचे लक्ष रुग्णाच्या तक्रारीपेक्षा व्यवसायाची हद्द आखण्याकडे अधिक होते. आयुर्वेद शिकवणाऱ्या संस्थांशी संबंध ठेवणाऱ्या पदवीधर डॉक्टरांवर मुंबई व मद्रास येथे झालेल्या कारवाया त्या काळी गाजल्या. वैद्य-हकिमांच्या नोंदणीसाठी मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तोही देशातील पहिलाच.

संस्थानी मुलखाला ब्रिटिश प्रांतांचे कायदे आपोआप लागू होत नसत. भोसले घराण्याचे अक्कलकोट संस्थान दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि गाव मुंबईच्या कायद्यांखाली आले. राज्यनिर्मितीनंतर मुंबई, विदर्भ व मराठवाडा या तिन्ही भागांतील निरनिराळ्या नोंदवह्या एकत्र करणे आवश्यक झाले. १९६५ च्या अधिनियमाचा तो मुख्य हेतू होता. केंद्रीय पातळीवर १९३३ व नंतर १९५६ च्या कायद्यांनी भारतीय वैद्यक परिषद काम करीत होती. तिची जागा २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली.

नोंदणी : परिषदेचे सारे अधिकार नोंदवहीतून निघतात. नाव नोंदवहीत असेल तरच डॉक्टरला आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करता येतो, कायद्याने ग्राह्य धरला जाणारा दाखला देता येतो आणि वैद्यकीय साक्षीला डॉक्टर म्हणून उभे राहता येते. नोंदणीचे टप्पे ठरलेले आहेत. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आंतरवासितेच्या वर्षासाठी तात्पुरती नोंदणी मिळते. ते वर्ष पुरे झाल्यावर कायम नोंदणी होते. एमडी, एमएस यांसारखी पुढची पदवी घेतली की ती ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून वेगळी नोंदवावी लागते. ही शेवटची पायरी अनेकदा दुर्लक्षित राहते. पदवी खरी, पण ती नोंदवहीत नाही, आणि पाटीवर मात्र लिहिली आहे, अशा डॉक्टरवर फसवणुकीचा नव्हे तरी नियमभंगाचा ठपका येऊ शकतो. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून (स्थापना १९६३) बाहेर पडणारा विद्यार्थी याच क्रमाने जातो.

नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परदेशी जाणाऱ्या डॉक्टरला तेथील नियामकासाठी ‘गुड स्टँडिंग’चे प्रमाणपत्र लागते, तेही परिषदच देते. परिषदेशी तक्रारीखेरीज एरवी संबंध न येणारे डॉक्टर या एका कागदासाठी तिच्याकडे येतात.

सीमाभागात नोंदणीचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो. अफझलपूर, आळंद या कर्नाटकातील तालुक्यांचे रुग्ण अक्कलकोट-सोलापूरकडे येतात आणि इकडचे कलबुर्गीला जातात. रुग्णाला कसलीही आडकाठी नाही. डॉक्टर मात्र एका राज्याच्या परिषदेकडे नोंदलेला असतो. कर्नाटक वैद्यक परिषद तेथील १९६१ च्या कायद्याखाली चालते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायम व्यवसाय हलवायचा तर पहिल्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन नव्या ठिकाणी नोंद करण्याची पद्धत रूढ आहे. आयोगाने २०२३ मध्ये केलेल्या नोंदणी विनियमांत देशभर चालणाऱ्या एकाच ओळख-क्रमांकाची तरतूद आहे आणि राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीचे संकेतस्थळ ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले. तूर्त राज्याची नोंदवही व देशाची नोंदवही अशा दोन्ही व्यवस्था एकत्र नांदत आहेत.

आचारसंहिता : परिषद स्वतःची वेगळी संहिता चालवण्याऐवजी मुख्यतः भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचरण, शिष्टाचार व नीतिविषयक विनियम लागू करते. त्यांतील काही कलमे तालुक्याच्या दवाखान्यात रोज उपयोगी पडणारी आहेत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावावा. चिठ्ठी, दाखला आणि पैशांची पावती यांवरही तो असावा. आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावीत आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत. अक्कलकोटसारख्या यात्रास्थानी या कलमाला वेगळेच महत्त्व येते : दर्शनरांगेत चक्कर आलेला, छातीत दुखू लागलेला रुग्ण एका रात्रीत उपचार घेऊन दोनशे मैलांवरच्या गावी परततो आणि पुढचा डॉक्टर काय करणार हे त्या कागदांवर ठरते. डॉक्टरने प्रत्येक रुग्ण स्वीकारलाच पाहिजे असे बंधन संहितेत नाही. तातडीच्या प्रसंगी मात्र हाकेला जावेच लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची किंवा अज्ञान असल्यास पालकाची लेखी संमती आवश्यक आहे. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने ही संमती पुरेशी माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे असे सांगितले. छापील अर्ज इंग्रजीत वा मराठीत आणि रुग्ण कन्नडभाषक असेल तर नुसत्या अंगठ्याने हे कलम पाळले गेले असे म्हणणे कठीण. डॉक्टर किंवा परिचारिकेने मजकूर रुग्णाच्या भाषेत सांगितला, अशी नोंद केसपेपरवर असणे हा चौकशीत सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च घेण्यास डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने मनाई झाली. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे वा देणे, म्हणजे ‘कट प्रॅक्टिस’, मुळातच निषिद्ध आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध) यांना तपासणीसाठी पाठवलेल्या रुग्णाबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी तो घेऊन गप्प न बसता २०१३ मध्ये परिषदेकडे तक्रार केली. डॉक्टरने आपल्याच व्यवसायातील प्रथेविरुद्ध पुराव्यानिशी केलेली अशी तक्रार विरळा. राज्य शासनाने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी विधेयकाचा मसुदा करवून घेतला. त्याचा कायदा झाला नाही.

तक्रार व चौकशी : रुग्ण, नातेवाईक, पोलीस, न्यायालय किंवा दुसरा डॉक्टर यांपैकी कोणीही तक्रार करू शकतो. तक्रार लेखी, कागदपत्रांसह करावी लागते. संबंधित डॉक्टरला तिची प्रत देऊन खुलासा मागवतात, नंतर दोन्ही बाजूंची सुनावणी होते. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत परिषदेला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोष सिद्ध झाल्यास ताकीद, ठरावीक मुदतीपुरते नाव वगळणे किंवा कायमचे नाव काढून टाकणे या शिक्षा आहेत. नुकसानभरपाई देण्याचा अधिकार परिषदेला नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात ठरले. एकाच घटनेवरून परिषद, ग्राहक आयोग व पोलीस अशा तिन्ही ठिकाणी प्रकरण चालू शकते आणि तिन्हींचे निष्कर्ष वेगळे निघू शकतात.

विनियमांत निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. ती पाळली न जाण्याबद्दल रुग्णसंघटना व डॉक्टर दोघांचीही तक्रार असते, आणि दोघांचीही खरी आहे : रुग्णाला न्याय उशिरा मिळतो, निर्दोष डॉक्टरच्या डोक्यावर आरोप वर्षानुवर्षे राहतो. अंतराचीही अडचण असते. अक्कलकोटच्या शेतकऱ्याला मुंबईतील सुनावणीसाठी आधी सोलापूर गाठून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करावा लागतो. दवाखाना बंद ठेवून जाणाऱ्या एकट्या डॉक्टरची गैरसोय त्याहून फार कमी नाही.

राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध डॉक्टरला आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाकडे आणि त्यानंतर आयोगाकडे अपील करता येते. रुग्णाला असे अपील आहे काय, हा वादाचा विषय आहे. २००२ चे विनियम ‘बाधित व्यक्ती’ असा व्यापक शब्द वापरतात, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमात उल्लेख वैद्यक व्यावसायिकाचा आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून तपास नियामक करतो व निवाडा स्वतंत्र न्यायाधिकरण देते. महाराष्ट्रात दोन्ही कामे परिषदेकडेच आहेत.

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली (१९९४) परिषदेचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे. न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावर नोंदणी निलंबित करणे, आणि दोषी ठरल्यास पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षे व पुढच्याला कायमचे नाव वगळणे हे तिच्यावर कायद्यानेच सोपवले आहे. २०१२ मधील परळी वैजनाथच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर या तरतुदीच्या अंमलबजावणीकडे राज्यभर लक्ष गेले.

डॉक्टरांना संरक्षण : परिषद ही डॉक्टरांची संघटना नव्हे. ते काम इंडियन मेडिकल असोसिएशनचे. तरीही नोंदवहीतील नावामुळे डॉक्टरला काही संरक्षणे मिळतात. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे आणि पोलिसांनी आधी त्या विषयातील तज्ज्ञ, शक्यतो शासकीय सेवेतील डॉक्टरचे निःपक्ष मत घ्यावे. अक्कलकोटच्या प्रकरणात असे मत देणारे तज्ज्ञ साहजिकच सोलापुरात भेटतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या बाबतीत वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास कमाल मर्यादा दोन वर्षे. ही सवलत नोंदवहीत नाव असलेल्यालाच मिळते. रुग्णालयांवरील हल्ल्यांबाबत २०१० चा राज्य कायदा आहे : गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, मोडतोडीची दुप्पट भरपाई. त्याचा फलक बहुतेक दवाखान्यांत दिसतो. त्याची अंमलबजावणी पोलिसांकडे आहे, परिषदेकडे नाही.

निरंतर शिक्षण : पाच वर्षांत ३० तासांचे सीएमई अपेक्षित असून परिषद मान्य कार्यक्रमांना गुण देते.

अधिकाराच्या मर्यादा : परिषदेचा अंमल व्यक्तीवर, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरवर चालतो. रुग्णालयाची इमारत, खाटा, दरपत्रक हे विषय १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली स्थानिक प्राधिकाऱ्याकडे येतात. त्याच्या २०२१ च्या नियमांत रुग्णहक्कांची सनद लावणे सक्तीचे झाले. बोगस डॉक्टर तर नोंदवहीतच नसतो, त्यामुळे त्याचे नाव वगळण्याचा प्रश्न येत नाही. २०१९ च्या अधिनियमात अनधिकृत व्यवसायाला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, पण शोध घेणे व फिर्याद देणे आरोग्य खाते, महसूल आणि पोलीस यांच्यावर अवलंबून राहते. नोंदणी क्रमांक पाटीवर वाचून संकेतस्थळावर ताडून पाहणे, एवढा साधा उपाय रुग्णाच्या हाती आहे.

तालुक्याच्या गावांत पहिला उपचार देणाऱ्यांत बीएएमएस व बीएचएमएस डॉक्टरांचा वाटा मोठा असतो आणि ते परिषदेच्या कक्षेबाहेर आहेत. आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा १९९२ च्या राज्य अधिसूचनेने मिळाली. होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो पूर्ण करणाऱ्यांची नोंद परिषदेच्या वेगळ्या नोंदवहीत घेण्यावरून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या संघटना आमनेसामने आल्या. प्रकरण न्यायालयात गेले आहे.

रचना : नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडलेले, शासनाने नेमलेले व पदसिद्ध असे सदस्य. मधल्या काही काळात कारभार प्रशासकांकडे होता.

अलीकडील बदल : आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे आचरण विनियम अधिसूचित केले. जेनेरिक औषधे लिहिण्याच्या सक्तीला झालेल्या विरोधानंतर त्याच महिन्यात ते स्थगित झाले, आणि २००२ चेच विनियम पुन्हा लागू झाले. दूरवैद्यकासाठी मार्च २०२० मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे त्यांना जोडलेली आहेत. दंतवैद्यक, परिचर्या, भारतीय वैद्यक व होमिओपॅथी यांच्या राज्य परिषदा वेगवेगळ्या कायद्यांखाली चालतात.