करोडगिरी ते कार्ने : बीड जिल्ह्याची सरहद्द आणि खाजगी वाहनाच्या तात्पुरत्या प्रवेशाचा प्रश्न

प्रस्तावना

स्वतःच्या मालकीची मोटारसायकल काही काळापुरती परदेशात नेऊन तेथे पर्यटन करणे, हा विषय साधारणतः बंदरे व आंतरराष्ट्रीय नाके यांच्याशी निगडित मानला जातो. समुद्रापासून दूर असलेल्या बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नसावा, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि सन १९४८ पर्यंत या जिल्ह्याची पश्चिम हद्द ही हैदराबाद संस्थान व ब्रिटिश मुलूख यांमधील जकातीची सरहद्द होती. नगरला जाणारा बीडचा प्रवासी जकातीच्या अर्थाने परमुलखात जात असे. वाहन सरहद्द ओलांडते तेव्हा त्याला आयात झालेला माल समजावे की प्रवाशाचे साधन, आणि ते परत जाईल याची हमी कोणी द्यावी, या दोन प्रश्नांचा या सरहद्दीच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सरहद्द आणि करोडगिरी

निजामाच्या राज्यात जकात खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. ईस्ट इंडिया कंपनी व निजाम यांच्यात १८०२ मध्ये व्यापारी तह झाला. त्यानुसार परस्परांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर किमतीच्या शेकडा ५ या दराने जकात ठरली आणि हाच दर पुढे दीर्घकाळ संस्थानच्या जकातीचा पाया राहिला. सार्वभौम सत्तेच्या दृष्टीने हैदराबाद हे ब्रिटिशांचे मांडलिक संस्थान होते. परंतु त्याची जकात, टपाल व नाणे ही स्वतंत्र होती. बाजारात ‘हाली’ व ‘कलदार’ असे दोन रुपये चालत आणि सुमारे ७ हाली रुपयांस ६ कलदार रुपये मिळत.

बीडच्या बाजूला ही सरहद्द सरळ रेषेत नव्हती. उत्तरेकडे गोदावरी आणि नैर्ऋत्येकडे सीना या नद्यांनी तिचा काही भाग आखून दिला होता. मधल्या पट्ट्यात मात्र दोन्ही राज्यांची गावे एकमेकांत शिरलेली होती. बीडहून नगरकडे जाणाऱ्या आजच्या रस्त्यावरून हे सहज ध्यानात येते. बीड जिल्ह्यातून निघालेला प्रवासी प्रथम नगर जिल्ह्यातील जामखेडला पोहोचतो. तेथून पुढे गेल्यावर आष्टी व कडा ही बीड जिल्ह्यातील गावे लागतात आणि त्यानंतर पुन्हा नगर जिल्हा सुरू होतो. संस्थानी काळाच्या नकाशावर हीच वाट ठेवली तर एका प्रवासात निजामी मुलूख, इंग्रजी मुलूख, पुन्हा निजामी आणि पुन्हा इंग्रजी असा क्रम लागतो. म्हणजे सरहद्द तीनदा ओलांडावी लागते. जामखेड तालुक्यातील खर्डे येथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता. या भागाची राजकीय गुंतागुंत जुनी आहे, ती अशी.

अशा वाटेवर मालाची जकात घेणे तुलनेने सोपे होते. कापसाची गाठ एकदा बाजारात पोहोचली की ती परत येत नाही. वाहनाचे तसे नाही. जामखेडला शिरलेले वाहन आष्टीच्या अलीकडे बाहेर पडणार हे उघड असताना प्रत्येक वेळी त्यास ‘आयात’ समजून जकात मागणे व्यवहाराला धरून होत नाही. आणि न मागावी, तर तेच वाहन पलीकडे विकले गेल्यास राज्याचे उत्पन्न बुडते. मोटारींची संख्या अत्यल्प होती तोवर हा पेच जाणवण्याजोगा नव्हता. निजाम राज्य रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, त्यानंतर संस्थानात मोटार वाहतूक वाढत गेली. रेल्वेपासून वंचित राहिलेल्या बीड शहराच्या दृष्टीने तर रस्ता हेच एकमेव दळणवळण होते. या शहरातून अहिल्यानगरकडे रेल्वे धावू लागली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

सामान्य रयतेला या सरहद्दीचे दर्शन घडे ते नाक्यावर. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्यात सरहद्दीलगतच्या शिबिरांतील कार्यकर्त्यांनी करोडगिरी नाके जाळले, यामागे हे कारण होतेच. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, त्या वेळी नगरच्या पूर्वेस काही मैलांवर वैराची सरहद्द उभी होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील कारवाईनंतर संस्थान भारतीय संघराज्यात आले. तरीही जकातीची भिंत एका दिवसात पडली नाही. मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०६ ने ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून इतर राज्यांतून येणाऱ्या मालावर कर चालू ठेवण्याची काही काळापुरती मुभा दिली होती. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने रद्द झाला आणि त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला.

माल की वाहन?

हाच पेच युरोपात मोठ्या प्रमाणावर उद्भवला आणि तेथे त्याचे उत्तर मोटार-क्लबांनी शोधले. वाहन परत नेले जाईल याची हमी क्लबने द्यावी व त्या हमीवर जकात खात्याने वाहन विनाशुल्क आत सोडावे, ही ती कल्पना. पॅरिस येथील १९२६ च्या कराराने वाहनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व चालन परवाना यांना एकसारखे रूप दिले. जकातीचा प्रश्न मात्र ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीच्या कराराने हाताळला. भारत १९५८ मध्ये त्यात सहभागी झाला.

भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात या पेचाची खूण स्पष्ट दिसते. त्यातील ‘माल’ या संज्ञेत वाहनाचा समावेश आहे आणि ‘वाहतुकीचे साधन’ या संज्ञेतही आहे. एकच मोटारसायकल कायद्याच्या नजरेत दोन्ही ठरू शकते. तिला कोणत्या रूपात वागवायचे, हे ती परत जाणार की नाही यावर अवलंबून राहते. परदेशी पर्यटकाने आणलेल्या वाहनास भारताने १९७६ च्या अधिसूचनेद्वारे शुल्कमाफी दिली, तीही सहा महिन्यांत ते परत नेण्याच्या अटीवर.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘कार्ने द पासाज’ नावाची पुस्तिका. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. प्रवेशाच्या वेळी एक भाग सीमाशुल्क अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा घेतला जातो आणि शिक्के उमटलेले स्थळप्रत मालकाकडे राहते. पुस्तिकेत चासी व इंजिन यांचे क्रमांक, रंग, किंमत असा तपशील नोंदलेला असतो. मुदत एक वर्षाची असते. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर वाहन त्या देशातच राहिले असे गृहीत धरून शुल्काची मागणी हमीदार संस्थेकडे व तिच्यामार्फत मालकाकडे येते. अपघातात वाहन निकामी झाल्यास शुल्क भरणे, वाहन सरकारजमा करणे किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ते नष्ट करणे, हे पर्याय १९५४ च्या करारात आहेत. दुरुस्तीसाठी विनाशुल्क आणलेल्या सुट्या भागाच्या बदल्यात काढलेला जुना भागसुद्धा तसाच टाकून देता येत नाही. शुल्कव्यवस्थेची ही चिकाटी वाचकास काहीशी विनोदी वाटेल. पण तिच्यामागील शंका करोडगिरीच्या नाक्यावरील शंकेपेक्षा वेगळी नाही.

हमी कोणाची?

भारतात कार्ने देणाऱ्या संस्थांत मुंबईची १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही प्रमुख होय. कार्ने घेताना वाहनाच्या किमतीच्या व गंतव्य देशातील शुल्काच्या प्रमाणात अनामत अथवा बँक हमी द्यावी लागते. इराणसारख्या देशांत वाहनांवरील शुल्क वाहनाच्या किमतीहूनही अधिक असल्याने हमीची रक्कम त्या मानाने वाढते. अनामत परत मिळते हे खरे. परंतु तोपर्यंत ती अडकून राहते. ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उचल घेऊन दरवर्षी ऊसतोडणीस जातात, तेथे जामीन व अनामत या शब्दांचा भार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बीडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय चालन परवाना मिळू शकतो. एमएच-२३ क्रमांकाची मोटारसायकल बाळगणे ही तर आज सर्वसामान्य बाब आहे. अडसर आहे तो हमीचा. कागदपत्रांची अडचण कष्टाने दूर होते, भांडवलाची होत नाही.

येथे शेजारच्या जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि तेथील दुचाकी अनेक देशांत निर्यात होतात. कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडलेल्या मोटारसायकलीने परत यावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तीच मोटारसायकल मालकाने प्रवासासाठी नेली की ती परत येईपर्यंत संशयित ठरते.

नेपाळच्या सरहद्दीवर याहून साधी पद्धत आढळते. भारतीय क्रमांकाच्या वाहनास तेथील ‘भन्सार’ कार्यालय दिवसागणिक शुल्क घेऊन तात्पुरता परवाना देते. मोठी हमी मागितली जात नाही. बीडच्या मोटारसायकलस्वारास स्वतःच्या वाहनाने परदेश गाठायचा असेल, तर हाच मार्ग सर्वांत आवाक्यातला आहे. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहन करारावर स्वाक्षऱ्या केल्या, त्यात खाजगी वाहनांचाही विचार होता. मात्र भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला आणि चारही देशांत तो एकत्र लागू होऊ शकला नाही. पश्चिमेकडील खुष्कीचा मार्ग पाकिस्तानशी असलेल्या संबंधांवर अवलंबून असल्याने मोटारसायकल जहाजाने पाठविण्याचा खर्च हमीत मिळविला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने परदेशी नोंदणीच्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. भारतात येणाऱ्या वाहनाने नोंदणी, चालन परवाना, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र बाळगावे, इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील कागदाचे प्रमाणित भाषांतर सोबत ठेवावे, स्थानिक प्रवासी अथवा माल वाहू नये, अशा त्यातील तरतुदी आहेत. येथून बाहेर जाणाऱ्या भारतीय वाहनाच्या हमीचा विचार त्या नियमांच्या कक्षेत येत नाही.