एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे सैनिकी मूळ

दहावी-बारावीचा निकाल हातात पडला की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून यायचे, असा महाराष्ट्रात एकेकाळी रिवाजच होता. रांगेत उभे राहून कार्ड मिळवायचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे आणि 'कॉल'ची वाट पाहायची. काहींना तो आला. पुष्कळांचे वय वाट पाहण्यातच उलटले. शाळा-कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांचे म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेले हे कार्यालय मुळात निघाले होते लढाईवरून परतणाऱ्या शिपायांसाठी.

त्याआधीच्या काळात पलटणीतून सुटलेल्या माणसाला पेन्शन मिळे. पुढची सोय त्याची त्याने पाहायची. कोकणात दापोली हे अशा पेन्शनरांचे गाव. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर आधी तिथेच राहिले. मग ते साताऱ्याकडे गेले आणि तिकडच्या गोरेगावला सरकारी कामावर खजिनदार झाले. दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. हिशेब ठेवता येणाऱ्या सुभेदाराला अशी जागा मिळाली, पण ज्या जातींना सैन्याचेच दार बंद झाले होते त्यांना तीही आशा नव्हती. महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० साली महारांनी ब्रिटिश सरकारकडे अर्ज केला. त्यात सैन्याबरोबर पोलिसात आणि सरकारी खात्यांच्या खालच्या जागांवर घेण्याची मागणी होती. पलटण आणि सरकारी नोकरी यांचा संबंध आपल्याकडे इतका जुना आहे.

सरकारला मात्र शिपायाच्या पुढच्या आयुष्याची आठवण महायुद्धांनीच करून दिली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड हा त्याचाच वारस. जिल्ह्याजिल्ह्यांतली सैनिक कल्याण कार्यालये त्याच वंशातली. पण बोर्डाचा भर पेन्शन, कुटुंबाची अडचण, अर्जविनंत्या यांवर होता. नोकरी मिळवून देणारी यंत्रणा त्यातून उभी राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या पुढे गेले होते. एवढी माणसे एकदम घरी आली तर काय होईल, या धास्तीने जुलै १९४५ मध्ये, जपानने शरणागती पत्करण्याच्याही आधी, पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय निघाले. सैन्यातून मोकळे होणारे जवान आणि युद्धकामावरून कमी होणारे कामगार यांची नोंद करायची आणि कामाच्या जागांशी त्यांची गाठ घालून द्यायची, एवढेच त्याचे काम. हे संचालनालय मजूर खात्याकडे होते आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. गोरेगावच्या खजिनदार सुभेदाराचा हा मुलगा.

सैनिकांसाठी उघडलेली ही खिडकी फार दिवस त्यांची राहिली नाही. १९४७ मध्ये फाळणीचे निर्वासित आले, त्यांची नोंदणी इथेच सुरू झाली. १९४८ च्या सुरुवातीला ती सगळ्यांनाच खुली झाली. नोव्हेंबर १९५६ पासून कार्यालयांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती झाली. लाखो बेकारांच्या रांगेत माजी सैनिकही एक उमेदवार उरला.

या रांगेत तो मागे पडणारच होता. सैन्य तरुण राहावे म्हणून जवानाला चाळिशीच्या आतबाहेर घरी पाठवतात. त्या वयात मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि सरकारी भरतीची वयोमर्यादा कधीच ओलांडलेली असते. म्हणून १९६२ आणि १९६५ च्या लढायांनंतर वेगळी वाट काढावी लागली. युद्धकालीन आणीबाणीत कमिशन दिलेल्या अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय सेवांत काही जागा राखल्या गेल्या. जवानांसाठी १९६६ मध्ये तिसऱ्या श्रेणीत १० आणि चौथ्या श्रेणीत २० टक्के जागा ठेवल्या. मुदत होती दोन वर्षांची. ती वाढत गेली आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचे रीतसर नियम झाले.

या नियमांतले खरे शहाणपण वयाच्या हिशेबात आहे. उमेदवाराच्या वयातून सैन्यसेवेची वर्षे वजा करायची आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसले की तो पात्र. चाळीस वर्षांचा, सतरा वर्षे नोकरी केलेला हवालदार या हिशेबाने तेवीस वर्षांचा ठरतो. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या जवानाला पदवीची अट असलेल्या गट क च्या, म्हणजे जुन्या तिसऱ्या श्रेणीच्या, जागांसाठीही अर्ज करता येतो. महाराष्ट्राने तर वर्ग तीन आणि चारमध्ये १५ टक्के समांतर आरक्षण ठेवले.

कागदावर सगळे नेटके आहे. प्रत्यक्षात केंद्राच्या ३४ खात्यांनी जून २०२१ अखेरचे जे आकडे दिले, त्यांत गट क च्या १०,८४,७०५ कर्मचाऱ्यांपैकी माजी सैनिक होते १३,९७६, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. गट ड, म्हणजे जुनी चौथी श्रेणी, केंद्रात बहुतांशी गट क मध्ये विलीन झाल्याने त्या वीस टक्क्यांनाही फारसा अर्थ उरला नाही. भरतीची परीक्षा नुकत्याच कॉलेजातून आलेल्याला सोयीची. पंधरा वर्षे सीमेवर काढलेला माणूस तिथे गुणांत कमी पडतो आणि पात्र उमेदवार मिळाला नाही की ती जागा इतरांकडे जाते.

आता अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षे पूर्ण करते आहे. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात राहणार. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा राखण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली. पण टक्केवारी जाहीर करून नोकरी मिळत नाही, हे साठ वर्षांत पुरेसे सिद्ध झाले आहे. सैन्य सोडण्याच्या आधीच परीक्षेची तयारी करून घेणे आणि प्रत्येक खात्याने किती राखीव जागा भरल्या याचा आकडा दरवर्षी जाहीर करणे, या दोन गोष्टी सरकारने केल्याच पाहिजेत. सैनिकाला तरुणपणी घरी पाठवण्याचा निर्णय सरकारचा असतो. तेव्हा त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामाची जबाबदारीही सरकारचीच.