घड्याळाला उंची कशी कळते?

डोंगर चढणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली जे जाडजूड घड्याळ दिसतं, त्यात वेळ ही अगदी किरकोळ बाब असते. होकायंत्र, तापमापी, वायुदाबमापी हे सगळं त्या एका डबीत असतं आणि बटण दाबलं की आपण समुद्रसपाटीपासून किती मीटर वर आहोत तो आकडाही दिसतो. आता अशी कल्पना करा. हिमालयात संध्याकाळी तंबू ठोकला तेव्हा घड्याळ ३२०० मीटर दाखवत होतं. सकाळी उठून पाहावं तर ३२६०! तंबू जागच्या जागी, माणसं रात्रभर झोपलेली आणि उंची मात्र साठ मीटरनी वाढलेली. घड्याळ बिघडलं असं समजून कुणी दुर्लक्ष केलं, तर ते कदाचित महागात पडेल. कारण घड्याळानं आपलं काम चोख केलेलं असतं.

या घड्याळाला उंची कळतच नाही. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. दाबावरून ते उंचीचा अंदाज बांधतं. हा अंदाज कधी खरा ठरतो आणि कधी फसतो हे नीट समजायचं, तर १६४८ सालच्या एका सहलीपासून सुरुवात करायला हवी.

तोरिचेल्लीनं १६४४ मध्ये पाऱ्याच्या नळीचा आपला प्रयोग कळवताना असा विचार मांडला होता, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि नळीतला पारा या हवेच्या वजनानं तोलला जातो. तसं असेल तर समुद्रात जरा वर गेल्यावर वजन कमी भरायला हवं, पारा उतरायला हवा. पॅरिसमध्ये असलेल्या पास्कालनं हे पडताळण्याची कामगिरी आपले मेव्हणे फ्लोराँ पेरिए यांच्यावर सोपवली. पेरिए मध्य फ्रान्समधल्या क्लेर्मों गावी राहत आणि गावाजवळच प्वी द दोम हा १४६५ मीटर उंचीचा डोंगर आहे.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातल्या काही प्रतिष्ठितांना घेऊन निघाले. आधी पायथ्याशी, एका मठाच्या बागेत, त्यांनी दोन नळ्या पाऱ्यानं भरून उभ्या केल्या. दोन्हींत पारा अगदी सारखा चढला. मग एक नळी तिथंच ठेवली आणि शास्ताँ नावाच्या एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. दुसरी नळी घेऊन मंडळी वर गेली. शिखरावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून अधिक, म्हणजे आजच्या मापात सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरलेला होता. सगळे थक्क झाले. शिखरावरच वेगवेगळ्या जागी, उघड्यावर आणि आडोशाला, त्यांनी पुन्हापुन्हा मोजून पाहिलं. उत्तर तेच.

पाठ्यपुस्तकात ही गोष्ट बहुधा इथं संपते. मला मात्र या सगळ्यात जास्त महत्त्वाचे वाटतात ते खाली बसलेले शास्ताँ. संध्याकाळी मंडळी उतरून आली तेव्हा त्यांनी सांगितलं, की दिवसभरात हवा फार लहरी होती, कधी ऊन, कधी पाऊस, कधी धुकं, कधी वारा. पण पारा जागचा हलला नाही. या एका वाक्याशिवाय शिखरावरच्या मोजमापाला काहीच अर्थ नव्हता. वरचा पारा डोंगरामुळे उतरला की हवामान पालटल्यामुळे, हे ठरवणार कसं? प्रयोगात ‘नियंत्रण’ का ठेवायचं हे मुलांना समजावताना याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दाबावरून उंची काढण्याचं सूत्र पुढे हॅलीनं १६८६ मध्ये मांडलं. हॅली म्हणजे तोच, धूमकेतूवाला. वर जावं तसा दाब सारख्या दरानं उतरत नाही, सारख्या प्रमाणात उतरतो. म्हणून सूत्रात लॉगॅरिथम येतो. जिनिव्हाच्या द लुकनं १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यात तापमानाची दुरुस्ती घातली. ऑगस्ट १७८७ मध्ये सोस्यूर माँ ब्लाँच्या माथ्यावर वायुदाबमापी घेऊन गेला, तेव्हा त्याच वेळी खाली शामोनीच्या दरीत आणि जिनिव्हातही नोंदी घेतल्या जातील अशी तजवीज त्यानं केली होती. पायथ्याची नळी विसरायची नाही, हे शास्त्रज्ञांच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं.

अडचण होती ती नळीची. जवळजवळ हातभर लांब काच, तीत जड पारा, आणि वाट बर्फाची. लुसियाँ विदी या फ्रेंच माणसानं १८४४ मध्ये पाराच काढून टाकला. पातळ धातूची एक चपटी डबी घ्यायची, तिच्यातली हवा काढायची आणि ती चेपून जाऊ नये म्हणून स्प्रिंगचा ताण द्यायचा. बाहेरचा दाब बदलला की डबीचं झाकण केसभर हलतं आणि तरफांच्या मदतीनं ती हालचाल काट्यावर मोठी होऊन दिसते. हाच निर्द्रव वायुदाबमापी. तो इतका लहान झाला, की प्रवासी तो खिशात बाळगू लागले. आणि खिशातल्या यंत्रावर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो.

त्या विश्वासाला तडा दिला एडवर्ड व्हिंपरनं. मॅटरहॉर्नवर प्रथम चढणारा हा इंग्रज गिर्यारोहक १८७९-८० मध्ये इक्वाडोरच्या अँडीजमध्ये गेला. ४ जानेवारी १८८० रोजी तो चिंबोराझोच्या शिखरावर पोचला. सोबत त्यानं पाऱ्याचेही वायुदाबमापी वागवले होते आणि निर्द्रवही. दोघांची सतत तुलना केल्यावर लक्षात आलं, की विरळ हवेत आठवडेच्या आठवडे राहिल्यावर धातूची डबी हळूहळू सैलावते, काटा उतरतच राहतो आणि उंची खऱ्याहून जास्त भरते. परतल्यावर त्यानं याचा कसून अभ्यास केला आणि १८९१ मध्ये निर्द्रव वायुदाबमापी कसा वापरावा यावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली.

विदीची डबी मनगटापर्यंत पोचायला बराच काळ गेला. १९६२ मध्ये फाव्र-ल्युबा या स्विस कंपनीनं ‘बिव्हॉक’ हे घड्याळ काढलं. त्यात काट्यांच्या खाली खरोखरीची निर्द्रव डबी बसवलेली होती. दुसरी वाट सिलिकॉनची. सिलिकॉनवर ताण पडला की त्याचा विद्युतरोध धातूंच्या तुलनेत कितीतरी जास्त बदलतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स स्मिथनं १९५४ मध्ये दाखवलं. सिलिकॉनचं पातळ पटल, त्याच्या मागे निर्वात पोकळी, पटलावर चार रोध आणि त्यांचा बारावीत शिकवतो तोच व्हीटस्टन सेतू. डबी तीच, फक्त तरफांच्या जागी वीज आली. १९८९ मध्ये कॅसिओचं असं घड्याळ बाजारात आलं, १९९८ मध्ये फिनलंडच्या सूंतोचं ‘व्हेक्टर’.

या सगळ्या प्रगतीत एक गोष्ट मात्र हरवली: पायथ्याची नळी. मनगटावर एकच वायुदाबमापी असतो. खाली कुणी शास्ताँ बसलेले नसतात. त्यांच्याऐवजी घड्याळात एक तक्ता असतो, ‘प्रमाण वातावरणाचा’. समुद्रसपाटीला दाब १०१३ मिलिबार, तापमान १५ अंश आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ही सरासरी हवा समशीतोष्ण प्रदेशांना बरीच जुळते, आपल्याकडे नाही. हवा तक्त्यापेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर खरोखर १००० मीटर चढल्यावर घड्याळ जेमतेम ९५० दाखवतं. सह्याद्रीत हे नेहमीचंच.

ऑक्टोबर १९८१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय मोहिमेतल्या ख्रिस पिझो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रत्यक्ष दाब मोजला. तो २५३ मिलिमीटर भरला. प्रमाण तक्त्यानुसार तिथं २३६ असायला हवा होता. नुसत्या तक्त्यावर विसंबलेल्या घड्याळानं एव्हरेस्ट चारशेहून अधिक मीटरनी बुटकं केलं असतं! पण या सतरा मिलिमीटरचं मोल फार मोठं आहे. मेसनर आणि हाबेलर १९७८ मध्ये नळकांड्यातल्या प्राणवायूशिवाय तिथं पोचले, ते शक्य झालं ते विषुववृत्ताच्या दिशेच्या या जास्त दाबामुळेच. दाब तक्त्याइतका असता तर शरीराला ते बहुधा झेपलं नसतं.

आता तंबूकडे परत येऊ. ३२०० मीटरवर साठ मीटर म्हणजे सुमारे ५ मिलिबार. रात्रीतून दाब तेवढा उतरला, इतकंच घड्याळ सांगत होतं. डोंगरात एका रात्रीत अशी घट म्हणजे वादळाची चाहूल असू शकते. आपण चालत असू तर बदल उंचीचा, थांबलेले असू तर हवामानाचा, हे घड्याळाला आपणच सांगावं लागे. नव्या घड्याळांत ते उपग्रहांच्या मदतीनं ताडून पाहिलं जातं, म्हणजे एका अर्थी दुसरी नळी आता आकाशात आहे. मात्र सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे त्यांनी सांगितलेल्या उंचीत अक्षांश-रेखांशांपेक्षा जास्त चूक राहते.

उष्ण कटिबंधात आणखी एक गंमत आहे. इथं हवेचा दाब दिवसातून दोनदा ठरल्या वेळी चढतो आणि दोनदा उतरतो. हुंबोल्टला दक्षिण अमेरिकेत ही चढउतार इतकी नियमित आढळली, की पाऱ्याकडे पाहून पाव तासाच्या फरकानं वेळ सांगता येईल असं त्यानं लिहून ठेवलं. वायुदाबमापीचं घड्याळच की!

शाळेत हे करून पाहता येईल. असं एखादं घड्याळ किंवा दाब मोजणारा मोबाइल मिळवा. पावसाळा सोडून एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी दहाला तो तळमजल्यावरच्या टेबलावर ठेवून उंची लिहा, पुन्हा दुपारी चारला पाहा. दाब तीन-चार मिलिबारनी उतरलेला असेल आणि शाळा पंचवीस-तीस मीटर वर गेलेली दिसेल. मग जवळच्या गडावरच्या सहलीला दोन घड्याळं न्या. एक पायथ्याच्या गावात एका विद्यार्थ्यापाशी ठेवा आणि दर अर्ध्या तासानं नोंद करायला सांगा. गडावर जायला न मिळाल्यानं तो हिरमुसेल. निघण्यापूर्वी त्याला शास्ताँची गोष्ट सांगा.