‘महागाव’ या नावाची घडण

नागपूर–तुळजापूर महामार्गावरील महागाव आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला तेव्हा हा मुलूख पुसदमध्येच मोडत होता. नावातला थोरपणा तालुक्याच्या दर्जातून आलेला नाही, हे यावरून उघड होते. ‘महत्’ या शब्दाचे कर्मधारय समासात, म्हणजे पहिले पद दुसऱ्याचे विशेषण असते अशा समासात, ‘महा’ होते, हा पाणिनीचा नियम येथे लागतो आणि अर्थ सरळ ‘मोठे गाव’ असा निघतो. ‘महाग’शी त्याचे नाते जोडणे ही निव्वळ शब्दांची गंमत होय, कारण तो शब्द ‘महार्घ’पासून आला आहे.

हे मोठेपण मात्र शेजाराच्या मानाने ठरते. भोवतालच्या वाड्या-तांड्यांहून जे मोठे ते महागाव, असा हिशेब जिथे जिथे झाला तिथे हेच नाव उगवले: गडहिंग्लज तालुक्यात, अर्जुनी मोरगावकडे, सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातही. मग ओळखीसाठी शेपूट लावावे लागते; दारव्ह्याकडचे महागाव ‘कसबा’ (अरबीतून आलेला, बाजारपेठेच्या गावासाठीचा शब्द) म्हणवते, तर अहेरीकडे फारसी ‘बुजुर्ग’वरून आलेले ‘बुद्रुक’ आणि लहान या अर्थाचे ‘खुर्द’ अशी दोन्ही महागावे आहेत. त्यांतले एक दुप्पट मोठे, आणि दुसरे लहान मोठे गाव!

उत्तरपदाची कथा अधिक लांब आहे. संस्कृत ‘ग्राम’मधला ‘र’ प्राकृतात गळून ‘गाम’ झाले, पुढे ‘म’ सैल होऊन अनुनासिक ‘व’ उरला, जसे ‘नाम’चे ‘नाव’ झाले. म्हणून जुन्या लेखनात ‘महागांव’ असा अनुस्वार दिसतो, आणि उच्चारात न उरलेले असे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले.

सामान्यनामाचे विशेषनाम झाल्याची खूण मात्र व्याकरणात सापडते. ‘गाव’ला प्रत्यय लागताना सामान्यरूप होते, म्हणून ‘गावाचा बाजार’, ‘गावाला जाणे’. पण ‘महागावचा बाजार’, ‘महागावला जाणे’ असेच बोलतात, तिथे तो ‘आ’ येत नाही. आता तिथे नगरपंचायत आहे, म्हणजे कायद्याने ते गाव उरलेले नाही, आणि तरीही ‘महागाव नगरपंचायत’ ही पाटी वाचताना कोणाला त्यात विसंगती जाणवत नाही.