उदगीर आणि कराचे नाके

माझे वडील उदगीरच्या मोंढ्यात एका पेढीवर मुनीम होते. पेढी तेलाची आणि तेलबियांची. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा तिथे बहुधा दोनच गोष्टींची चर्चा चाललेली असायची. पाऊस कधी येणार आणि सी-फॉर्म कधी येणार. पावसाचं मला कळायचं. हा सी-फॉर्म कोण आणि त्याची सगळे एवढी वाट का बघतात, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

कर वाढले की धंदे जातात, धंद्यामागे रोजगार जातो आणि रोजगारामागे माणसं जातात, असं आपण नेहमी ऐकतो. व्यापाऱ्यांच्या सभेत तर हमखास. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण हे विधान तपासून बघायला उदगीरसारखं गाव शोधून सापडायचं नाही. गाव जागचं हललेलं नाही, त्याच्याभोवतीच्या कराच्या रेषा मात्र सारख्या हलत राहिल्या.

उदगीर म्हटलं की आपल्याला ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई आठवते. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, वगैरे. पण तहात काय मिळालं ते बघा. दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर ही ठाणी, आणि मुलूख किती, तर वर्षाला साठ लाख उत्पन्नाचा. कोसात नव्हे, वसुलात मोजलेला मुलूख! त्या काळी राज्य म्हणजे महसूल. त्याआधीपासूनच दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. आमचा शेतकरी बिदर सुभ्यातला, म्हणजे एकाच पिकावर दोन धन्यांचा हक्क.

पुढे निजामी अमलात आमच्या वाट्याला आली ती करोडगिरी. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात. इंग्रज कंपनी आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापारी तह झाला, त्यात आयात मालावर शेकडा पाचापेक्षा जास्त जकात घ्यायची नाही असं ठरलं, आणि ती पाच टक्क्यांची जकात कायमची चिकटली. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली तेव्हा माल झपाझप येऊ लागला, पण नाका काही चुकला नाही. आजी सांगायची, बार्शीकडे लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या बायका नवं लुगडं पेटीत ठेवत नसत, अंगावर नेसून यायच्या. अंगावरच्या कापडावर करोडगिरी नव्हती. तिची एक चुलतबहीण म्हणे एकावर एक दोन लुगडी नेसून आली आणि उन्हाने नाक्यावरच चक्कर येऊन पडली.

नाणंही वेगळं. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा हिशेब वडिलांच्या पिढीला तोंडपाठ असे. दुसरीकडे या राज्यात फार काळ आयकरच नव्हता. हैदराबादचा आयकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे १९४७-४८ मधला, राज्य जाता जाता आलेला. श्रीमंतांना कर माफ, आणि दरबाराची भिस्त शेतसाऱ्यावर, करोडगिरीवर आणि आबकारीवर, म्हणजे शिंदी-दारूवर. म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी काय केलं हे लक्षात घ्या. सरहद्दीवरचे करोडगिरी नाके जाळले, शिंदीची झाडं तोडली, लेव्हीचं धान्य द्यायला नकार दिला. वर्गात मुलं विचारायची, सर, झाडांनी काय केलं होतं? झाडं म्हणजे दरबाराची तिजोरी होती, हे सांगितलं की मग त्यांना कळायचं.

त्या काळात आमच्या भागातून बरीच कुटुंबं घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली. ती कराला कंटाळून नव्हे, रझाकारांच्या भीतीने गेली. पोलीस कारवाईनंतर बहुतेक परत आली.

आता सी-फॉर्मकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. त्या दिवशी एका जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. बिदर, भालकी, औराद म्हैसूर राज्यात गेले. जहिराबाद-नारायणखेडकडचा भाग आंध्रात. मराठी माणूस म्हणून आनंद झालाच, तो खराही होता. पण मोंढ्याच्या दृष्टीने काल ज्या बिदरला आपण कज्जे चालवायला जात होतो, ते एका रात्रीत परराज्य झालं. त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकर कायदा झाला आणि १ जुलै १९५७ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावर कर सुरू झाला. सुरुवातीला शेकडा एक रुपया, वाढत वाढत १९७५ मध्ये चार. या सवलतीच्या दराने विकायचं तर पलीकडच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून सी-फॉर्म आणायचा. फॉर्म आला नाही तर फरकाचा भुर्दंड विकणाऱ्यावर. बिदरच्या गिऱ्हाइकाकडून फॉर्म यायला कधी कधी वर्ष लागायचं. वडील पोस्टकार्डं लिहून लिहून थकायचे. गंमत म्हणजे राज्य १९५६ ला बदललं, पण जुन्या हैदराबाद राज्याचा १९५० चा विक्रीकर कायदा आमच्याकडे त्यानंतरही चालूच होता. मुंबईचा १९५९ चा कायदा १ जानेवारी १९६० पासून आला, तेव्हा कुठे आम्ही कराच्या दृष्टीने मुंबईकर झालो. चार महिन्यांनी महाराष्ट्र झाला.

विक्रीकराच्या जोडीला नगरपालिकेची जकात होतीच. इथे मात्र व्यापाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. कर्नाटकाने १९७९ मध्ये जकात रद्द करून टाकली. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात गेली १९९९ मध्ये. मधली वीस वर्षं काय चित्र होतं? कमलनगरच्या बाजूने येणारा ट्रक सरहद्द ओलांडून आमच्या नाक्यावर येऊन उभा राहायचा. पावती, मोजणी, हुज्जत, चहा, परत पावती. वडिलांच्या शेठजींनी शेवटी गोदाम शहराच्या हद्दीबाहेर नेलं. माल तिथे उतरवायचा, लागेल तेवढाच गावात आणायचा. पेढी मोंढ्यातच राहिली, शेठजींचं घर गावातच राहिलं, त्यांची मुलं इथल्याच शाळेत शिकली. त्रास झाला तो हमालांना. त्यांना रोज सकाळी तिथवर पायी जावं लागे आणि ज्या दिवशी ट्रक येत नसे त्या दिवशी मोंढ्यातलं दुसरं कामही हातचं जायचं. दोघा-तिघांनी काम सोडलं. त्यातला एक हैदराबादला बांधकामावर गेला. कराने माणूस गाव सोडतो याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण हे एवढंच. आणि तो कर भरणारा नव्हता!

म्हणून माझं मत असं झालं की कर आधी माल हलवतो, मग गोदाम हलवतो. पेढी क्वचित हलते, कुटुंब त्याहून क्वचित. याची राज्यांनाही जाणीव होती. कारखाने ओढून आणायला महाराष्ट्राने १९६४ पासून मागास भागांसाठी सवलतींची योजना आणली, पुढे तिच्यात विक्रीकराची माफी आली. शेजारची राज्यं मागे कशाला राहतील? सगळेच एकमेकांच्या दारातून कारखाने पळवू लागले. अखेर १९९९ मध्ये राज्यांनी एकत्र बसून किमान दर ठरवले आणि २००० पासून अशा नव्या सवलती थांबवायचं कबूल केलं. २००५ मध्ये व्हॅट आला, तेव्हा बाजार बंद झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सी-फॉर्मची सद्दी संपली. वडील तेव्हा हयात असते तर पेढे वाटले असते. आमच्या डाळ मिलवाल्यांना मात्र नवाच प्रश्न पडला. सुट्या डाळीला कर नाही, नोंदणीकृत ब्रँडच्या डाळीला पाच टक्के. मग देशभर झालं तेच इथेही झालं, पोत्यांवरून नावं गायब झाली. ज्या नावासाठी आयुष्य घालवलं ते नाव पुसण्यात फायदा! २०२२ मध्ये नियम बदलला आणि पंचवीस किलोपर्यंतच्या, आधी भरून लेबल लावलेल्या पाकिटांवर कर लागला. तेव्हा गोणीचं वजन किती ठेवायचं याचे हिशेब सुरू झाले.

पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर राहिलं, म्हणून तिथे जुनं नाटक चालू राहिलं. काही वर्षं बिदरला जाणारा माणूस टाकी रिकामी ठेवून निघायचा आणि सरहद्दीपलीकडच्या पंपावर भरून यायचा. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने कर वाढवला तेव्हा तो फरक बराच आटला.

एवढं सगळं झालं, तरी माणसं गेली ती गेलीच. उदगीरची तरुण पोरं गेली, ती बहुतेक पुण्याला आणि मुंबईला. म्हणजे त्याच राज्यात, त्याच विक्रीकराखाली. कर चुकवायला जाणारा माणूस उदगीरहून पुण्याला जाईल का? बिदर जवळ आहे की! आमच्याकडचा सरकारी दूध भुकटी प्रकल्प बंद पडला, तेव्हाही कराचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

माणसं कशाने जातात ते मी १९७२ ला पाहिलं. मी सातवीत होतो. आजोळ जळकोटकडच्या माळरानातलं. विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात मातीमोल. मामा-मामी खडी फोडायला जायचे, मुलांना सुकडी मिळायची, घरी तांबड्या मिलोची भाकरी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. ती कामं नसती तर ती माणसं कुठे गेली असती, याचा विचार करा. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना घट्ट झाली. १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता.

पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी आधीच, १९७५ ला, व्यवसाय कर बसवला होता. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी भरायचा. विक्रीकर, मोटार कर आणि ओलिताखालच्या जमिनीवर अधिभार. जेवढं जमेल तेवढंच सरकारने स्वतःचं घालायचं. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे जळकोटच्या माळावर येत होते. मामांच्या गावाजवळ पाझर तलाव झाला, तो असाच. हजेरीपटात घोळ होते, पगार उशिरा व्हायचा, मापात खोट निघायची. मामा सगळ्याला शिव्या द्यायचे. वर म्हणायचे, "पर रातच्याला आपल्या घरी येऊन निजता येतंय बघ." तरी त्यांचा धाकटा मुलगा पुढे उसाच्या टोळीबरोबर गेलाच. मजुरी कमी होती आणि टोळीत उचल एकदम हातात मिळायची.

कर किती, यापेक्षा त्यातून काय मिळतं हे सीमेवरचा माणूस बारकाईने बघतो. २०१८ मध्ये तेलंगणाने रयतु बंधू योजनेत शेतकऱ्याला हंगामाला एकरी चार हजार रुपये दिले, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादकडच्या काही सरपंचांनी आमची गावं तेलंगणाला जोडा अशी मागणी केली. गाव न सोडता राज्य सोडायचं! करांचे दर त्यांनी विचारले नव्हते.

माझा मुलगा पुण्याला आहे. मध्यंतरी पगाराचा कागद दाखवून म्हणाला, "बाबा, हे व्यवसाय कराचे दोनशे कशाचे?" मी त्याला मामांच्या तलावाची गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकून घेतली, कागद परत बघितला आणि विचारलं, "मग फेब्रुवारीत तीनशे का?" म्हटलं, वर्षाचे अडीच हजार पुरे करायला.