भार नसलेली भिंत

फेब्रुवारी 1931. चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो शहर, ऊन कलायला लागलंय. रस्त्यावरून तुगेंडहाट कुटुंबाचं घर बसकं दिसतं, श्रीमंती अजिबात मिरवत नाही. टेकडीच्या उतारावर बांधल्यामुळे तुम्ही शिरता तो वरचा मजला. दिवाणखाना खाली आहे. दुधी काचेतून आलेल्या उजेडात वळणाचा जिना उतरा.

खाली येताच खोल्या शोधाल, तर त्या नाहीत. अडीच हजार चौरस फुटांच्या आसपास सलग जागा: इथे बैठक, तिथे जेवणाचं टेबल, मागे अभ्यासाची जागा आणि पुस्तकं. मग छत पेललंय कशानं? समोरच्या खांबाला हात लावा. बर्फासारखा गार. आत चार पोलादी अँगल पाठीला पाठ लावून जोडलेत, म्हणून त्याचा छेद अधिकच्या चिन्हासारखा. वरून चकचकीत क्रोमचा पत्रा. आख्खं ओझं या बारीक खांबांवर टाकून वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांनी भिंतींना नोकरीतून मोकळं केलं.

मोकळी झालेली भिंत काय करते, ते बघा. जेवणाच्या टेबलाला मकासार एबनी लाकडाचा अर्धगोल वळसा. बैठकीमागे मोरोक्कोहून आणलेल्या मधाळ ऑनिक्स दगडाची सरळ भिंत. हिवाळ्यातलं तिरपं ऊन तिच्यावर पडलंय. पलीकडे जाऊन पाहा, दगड आतून लालसर पेटलाय. दोन्ही भिंती काढल्या तरी छत तसूभर हलणार नाही.

आता कुणीतरी बटण दाबतं. बागेकडची जमिनीपासून छतापर्यंतची भलीमोठी काच सावकाश खाली जाते आणि जमिनीत गडप होते. बाहेर बर्फ, अंगावर ऊन. घरमालकीण ग्रेटे यांना हे फार आवडे. याच वर्षी एका जर्मन मासिकात वाद रंगला, असल्या घरात राहता तरी येतं का? येतं, मोकळं वाटतं, असं उत्तर खुद्द ग्रेटे यांनीच दिलं.

मला मात्र वरचा मजला विसरता येत नाही. तिथल्या झोपायच्या खोल्यांना चार भिंती आणि बंद होणारी दारं आहेत. स्वयंपाकघरही वेगळं, भिंतीआड. म्हणजे मोकळेपणा बैठकीपुरता! आणि तोही तळघराच्या जिवावर: काच उतरवणारी मोटर तिथेच, आणि वर ऊबदार हवा पाठवणारी यंत्रणाही.

फार रेंगाळू नका. 1938 मध्ये नाझींच्या धास्तीनं हे ज्यू कुटुंब घर सोडून गेलं, ते परत राहायला आलंच नाही. 2001 पासून घर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिकीट काढून पाहता येतं. आजच्या ब्रनोला गेलात, तर ऑनिक्सचे फोटो काढून परतू नका. तळघरात उतरा आणि ती यंत्रंही बघा.