सोळा हजार डॉलरची पहिली पायरी

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये साहाय्यक प्रशिक्षकाची पहिली पायरी कशी होती, याचे दोन लेखी पुरावे शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. एक यशस्वी प्रशिक्षकाचे आत्मचरित्र, दुसरा न्यायालयाचा निकाल.

आत्मचरित्र रॉय विल्यम्स यांचे. १९७८ साली ते उत्तर कॅरोलिना राज्यातल्या ओवेन हायस्कूलमध्ये प्रशिक्षक होते. घरी पत्नी आणि लहान मूल. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांनी त्यांना अर्धवेळ साहाय्यक म्हणून बोलावले. पगार वर्षाला २,७०० डॉलर. शाळेची पक्की नोकरी सोडून विल्यम्स गेले. एवढ्या पगारात घर चालणार नव्हते. मग दर रविवारी स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा स्वतः गाडी हाकत दूरच्या केंद्रांवर पोचवायच्या आणि उन्हाळ्यात संघाची कॅलेंडरे विकत फिरायचे, असा जोडधंदा सुरू झाला. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, ते कॅन्सस विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २००३ मध्ये ते परत स्मिथ यांच्याच विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि २००५, २००९ व २०१७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनी मिळवली.

कष्टाला फळ येते, हा या कथेचा नेहमी काढला जाणारा अर्थ. पण आत्मचरित्र लिहायची वेळ शिखर गाठलेल्यावरच येते. खालच्या पायरीवर राहिलेल्यांचे काय झाले, हे शोधायला न्यायालयाच्या कागदांकडे जावे लागते.

‘लॉ विरुद्ध एनसीएए’ या खटल्याच्या निकालात या पायरीचा हिशेब सापडतो. एनसीएए म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना. पहिल्या श्रेणीच्या बास्केटबॉल संघाला आधी तीन पूर्णवेळ आणि दोन अर्धवेळ प्रशिक्षक ठेवता येत. अर्धवेळाच्या जागेवर पदव्युत्तर विद्यार्थी किंवा विनामोबदला काम करणारा स्वयंसेवकही चाले. १९८९ मध्ये संघटनेने खर्चकपात समिती नेमली. काही ‘अर्धवेळ’ प्रशिक्षक प्रत्यक्षात पूर्णवेळ राबत होते आणि त्यांतल्या काहींना वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर मिळत होते, हे समोर आले. नाव एक आणि व्यवहार दुसरा, ही विसंगती खरीच होती. प्रश्न उपायाचा होता.

जानेवारी १९९१ च्या अधिवेशनात उपाय मंजूर झाला आणि १ ऑगस्ट १९९२ पासून लागू झाला. आता संघाला चारच प्रशिक्षक : एक मुख्य, दोन साहाय्यक आणि चौथा ‘मर्यादित-वेतन प्रशिक्षक’. या चौथ्याला शैक्षणिक वर्षात १२,००० आणि उन्हाळ्यात ४,००० डॉलर, म्हणजे वर्षाला १६,०००, याहून जास्त द्यायचे नाहीत. महिन्याला साधारण १,३३३ डॉलर. त्याला विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात काम करून कमावता येई, पण तिथला मोबदला तसेच काम करणाऱ्या इतरांइतकाच हवा, दिलेल्या वेळेच्या प्रमाणात हवा आणि काम खरोखर केलेले हवे. पळवाट राहू नये, याची एवढी काळजी घेतली होती.

१६,००० हाच आकडा का? परराज्यातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या शुल्काशी तो साधारण जुळत होता. संघ घडवणाऱ्या माणसाची किंमत विद्यार्थ्याच्या मापाने मोजली गेली. मुख्य प्रशिक्षकाच्या पगारावर मात्र मर्यादा नव्हती.

१९९२-९३ या वर्षी या जागांवर काम करणाऱ्या बास्केटबॉल प्रशिक्षकांनी दावा लावला. संघटनेने बचावात तीन कारणे दिली : नवोदितांसाठी जागा राखणे, खर्च कमी करणे आणि संघांमधली स्पर्धा समतोल ठेवणे.

पहिले कारण ऐकायला सर्वांत भले वाटते. पुराव्यापुढे तेच आधी कोसळते. या जागेवर नवोदितच घ्यावा, असे नियमात कुठेही म्हटलेले नव्हते. वादींमधले एक पीट हरमन. १९८६ ते १९९२ ते अमेरिकी नौदल अकादमीच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि पुढे व्यावसायिक बास्केटबॉलचा तारा झालेला डेव्हिड रॉबिन्सन महाविद्यालयातले शेवटचे वर्ष त्यांच्याच हाताखाली खेळला. असा माणूस ‘नवोदितांच्या’ पायरीवर सोळा हजारांत उभा होता. अनुभवी माणूस स्वस्तात मिळावा, एवढीच सोय नियमाने केली होती.

कॅन्ससच्या संघराज्य जिल्हा न्यायालयात न्यायाधीश कॅथरिन व्रॅटिल यांनी १९९५ मध्ये हा नियम १८९० च्या शर्मन कायद्याचा भंग ठरवला आणि ५ जानेवारी १९९६ रोजी कायमची मनाई केली. जानेवारी १९९८ मध्ये दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. न्यायाधीश डेव्हिड इबेल यांच्या निकालातला मुद्दा सरळ आहे. नुसती काटकसर हे समर्थन होऊ शकत नाही, नाहीतर खरेदीदारांची कोणतीही टोळी एकत्र येऊन भाव पाडेल आणि त्याला काटकसर म्हणेल. शिवाय इथे वाचलेला पैसा महाविद्यालयांना दुसरीकडे उधळायला मोकळीक होतीच. एकाच दर्जाच्या प्रशिक्षकाचा पगार आवळल्याने स्पर्धा समतोल होते, याचाही पुरावा नव्हता.

मे १९९८ मध्ये ज्यूरीने सुमारे २ कोटी २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. कायद्यानुसार ती तिप्पट होऊन ६ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. १९९९ मध्ये संघटनेने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यात इतर खेळांचे मर्यादित-वेतन प्रशिक्षकही होते.

विल्यम्स यांचे २,७०० डॉलर आणि हरमन यांचे १६,००० यांत एक फरक आहे. विल्यम्स यांचा पगार एका विद्यापीठाने ठरवला होता. तो नाकारून दुसऱ्या दारात जास्त मागण्याची मुभा त्यांना होती. १९९२ नंतर पहिल्या श्रेणीतले प्रत्येक दार एकाच आकड्यावर बंद झाले. खेळाच्या ओढीपोटी माणूस कमी पैशात राबतो, तो त्याचा निर्णय. त्या ओढीचा भाव त्याला कामावर ठेवणाऱ्या सर्वांनी मिळून पाडावा, हा अन्याय होता. न्यायालयाने तो मोडला आणि योग्यच केले.